सारखा वाटा

शेरीकवठ्याला कृष्णा मोठं वळण घेते, आणि गावाची सगळी ऐट त्या वळणावर साठलेली आहे. गावाला किल्ला नाही, जत्रा बेताची, देऊळही चारचौघांसारखं. पण सांगलीच्या होड्यांच्या शर्यतीत सलग पाच वर्षं पहिली आलेली होडी शेरीकवठ्याची, ही गोष्ट गावातलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगतं. त्या होडीचं सुकाणू बाजीराव आंबी यांच्या हातात. त्यांची थोरली मुलगी दर्शना डॉक्टरेट करून पुण्याच्या एका संशोधन संस्थेत स्नायूंवर काम करते, हेही ते सांगत, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिल्या क्रमांकावर होडीच.

त्या रविवारी मात्र क्रम बदलला. दर्शनाच्या चाचणीचा निकाल लागला होता आणि मंगळवारी सरकारी समिती त्यावर शिक्कामोर्तब करणार होती. बाजीआप्पा सकाळपासून घाटावर, डेअरीत, चहाच्या टपरीवर एकच गोष्ट सांगत फिरत होते. दर्शना पुण्याहून जलद गाडीने उतरली तेव्हा स्टेशनवरचा रिक्षावालाही तिला म्हणाला, “तुमच्या गोळीवर आता सरकारचा छाप बसणार म्हणं!”

गोळी म्हणजे ‘शमन’ नावाची हिरवी कॅप्सूल. अंगमेहनत कसून केली की दुसऱ्या दिवशी अंग आंबून जातं, जिना उतरताना मांड्या रडतात. शमन घेतली की यातलं काही होत नसे. माणूस काल जेवढा दमला त्याचा आज मागमूस नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, जवान आणि शाळाशाळांतले खेळाडू, सगळ्यांना ती सरसकट द्यावी असा प्रस्ताव होता. प्रश्न एकच उरला होता. ही कॅप्सूल महिनोन्‌महिने घेतली तर ताकद वाढायच्या कामात खोडा तर येत नाही ना?

त्याचं उत्तर शोधायला दर्शनाने आपल्याच गावच्या तीन होड्या निवडल्या होत्या. सगळी माणसं एकच काम करणारी, एकाच वेळी घाम गाळणारी. अशी सोय कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार? निम्म्या वल्हेकऱ्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत नुसतं पीठ भरलेली. कुणाला कोणती, हे ना घेणाऱ्याला ठाऊक ना देणाऱ्याला. प्रत्येकाला त्याच्या नावाचा डबा. हंगाम संपल्यावर मोजमाप झालं आणि दोन्ही गटांची ताकद अगदी सारखी वाढलेली निघाली. म्हणजे खोडा नाही. टाळ्या वाजल्या, दर्शनाच्या वरिष्ठ टिपणीस मॅडमनी सगळ्या संस्थेला पेढे वाटले.

दुपारी जेवायला बसल्यावर दर्शना म्हणाली, “आप्पा, तुमच्या माणसांनी शब्द राखला बघा. एकाचाही एक दिवस चुकला नाही.”

“चुकंल कसा?” आप्पांनी भाकरी मोडली. “मी सोता उभा ऱ्हाऊन वाटत हुतो.”

“वाटत होता म्हणजे? ज्याचा त्याचा डबा होता की.”

“डबे हुते की. पयल्याच दिवशी तिन्ही होड्यांचे समदे पाटीत वतले.” आप्पांच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. “आगं, पोरं कुरकुरायला लागली. अल्ताफ म्हणला, निम्म्यास्नी औषध आन्‌ निम्म्यास्नी पीठ, ह्यो कुठला न्याय? मी म्हणलं, गप बसा. आपल्या होडीत दुजाभाव कवा झालाय का? समद्या गोळ्या एकत्र केल्या, हलवल्या, आन्‌ रोज ज्याच्या हाताला यील ती त्याची. कुणाला कमी न्हाई, कुणाला जास्त न्हाई.”

दर्शनाचा घास हातातच राहिला.

ती पाटी तिला लहानपणापासून ठाऊक होती. सरावाच्या आधी घाटावर वेताची पाटी फिरते. कुणी गूळ आणतो, कुणी शेंगदाणे, बागायतदार केळी आणतो आणि एखादा काहीच आणत नाही. सगळं पाटीत पडतं आणि सगळ्यांना सारखं मिळतं. उशिरा येणाऱ्याचाही वाटा बाजूला काढून ठेवतात. कुणी चोरून घरचं तूप खाऊन आला तर त्याला होडीतून उतरवल्याच्या गोष्टी तिने आजोबांकडून ऐकल्या होत्या. गावाला वाटे की आपण जिंकतो ते यामुळेच. आणि याच पाटीत तिची तीन वर्षांची मेहनत ओतली गेली होती.

“कधी अंग दुखायचं, कधी न्हाई,” आप्पा सांगतच होते. “आमी म्हणायचो, आज नदीची मर्जी हाय.”

दुखण्याबद्दल चाचणीत कुणी विचारलंच नव्हतं. तो विषय आधीच्या चाचण्यांत निकालात निघाला, असं सगळ्यांनी धरलं होतं. विचारलं असतं तर तेव्हाच पाल चुकचुकली असती.

“आप्पा,” ती म्हणाली, “चाचणी गेली.”

संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून तिने त्यांना सगळं उलगडून सांगितलं. शेजारी तिचा धाकटा भाऊ धैर्यशील होता, होडीतल्या पहिल्या जागेवरचा वल्हेकरी. सगळी होडी ज्याच्या वल्ह्यावर वल्हं टाकते ती ही जागा. अल्ताफ मुजावर त्याच्या मागे बसणारा, तोही आला होता आणि आपल्या कुरकुरीने काय झालं हे कळल्यापासून मान खाली घालून होता.

शरीरातल्या पेशीपेशीत तंतुकणिका असतात. आपण ओढलेला ऑक्सिजन तिथे पोचतो, खाल्लेलं अन्न त्याच्या मदतीने जळतं आणि ऊर्जा मिळते. या कामात थोडासा ऑक्सिजन अर्धवट राहतो. त्यातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो. असा मुक्त कण शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो, मग तो शेजारी तिसऱ्याचा, आणि नासधूस सुरू होते. पूर आलेल्या नदीत जीव तोडून वल्हं मारताना हे कण एकदम वाढतात. त्यालाच ऑक्सिडेशनचा ताण म्हणायचं. अँटिऑक्सिडंट या कणांना आपल्याकडचा इलेक्ट्रॉन देऊन थंड करतात. ती आवळ्यात, पेरूत, पालेभाजीत असतात, शिवाय शरीर स्वतःही तयार करतं.

इथवर ऐकलं की कुणालाही वाटेल, मग ती जितकी जास्त तितकं चांगलं. पण हे कण नासधूस करतात तसा निरोपही पोचवतात. त्यांच्यामुळे पेशीला समजतं की आजचा भार झेपला नाही. मग पेशी कामाला लागते, नव्या तंतुकणिका बांधते, स्वतःची अँटिऑक्सिडंट वाढवते आणि उद्या तोच भार झेलते. सराव सराव म्हणतात तो हाच. निरोप्याला दारातच अडवला तर घरात बातमी पोचणार कशी? पूर्वी जीवनसत्त्वांच्या मोठमोठ्या मात्रा देऊन हे तपासून झालं होतं. कुठे अडथळा दिसला, कुठे दिसला नाही, एकमत झालं नाही. शमन हेही अँटिऑक्सिडंटच, पण थेट तंतुकणिकेच्या आत शिरणारं, म्हणून पक्कं उत्तर हवं होतं.

“आन्‌ आमी समद्यांनी सारखीच खाल्ली,” धैर्यशील सावकाश म्हणाला, “म्हंजी दोन गट ऱ्हायलंच न्हाईत. मग फरक दिसणार कुठनं?”

“हेच. खोडा येतो की नाही हे कळलेलंच नाही. आणि कागदावर मात्र येत नाही असं सिद्ध झालंय.”

“आन्‌ आता पोरापोरांस्नी देणार?”

“मंगळवारनंतर.”

मग अल्ताफनेच विचारलं, “पण ताई, चाचणी गेली हे आपल्या चौघांशिवाय कुणाला ठावं हाय?”

अल्ताफ वाईट माणूस नव्हता. दर्शनालाही हाच प्रश्न जेवणाच्या ताटावरच पडला होता. गप्प बसलं तर तिचं नाव होणार होतं, आप्पांचा सत्कार ठरलेला होता, घाटावर फलक लागला होता. बोललं तर उद्या साऱ्या महाराष्ट्रात हसं. शेरीकवठ्याचे अडाणी, औषधाच्या गोळ्या शेंगदाण्यासारख्या वाटून खाल्ल्या. आणि त्यात सगळ्यांत मोठं हसं आप्पांचं होणार. गावात ताठ मानेने चालावं, एवढीच ज्याची हौस, त्या साठीच्या माणसाचं.

“मी सांगणार आहे,” ती म्हणाली.

आप्पा उठले आणि त्यांनी धोतर झटकलं. “मंगळवारी किती वाजता हाय? मीबी येतो. चूक माझी, आन्‌ बोलणी तू खायाची, हे कसलं गं?”

समितीच्या बैठकीत थंडगार हवा होती आणि भिंतभर पडद्यावर दर्शनाचेच आलेख झळकत होते. दोन रेघा एकमेकींना चिकटून वर जाणाऱ्या. तिने उभं राहून पाच मिनिटांत सगळं सांगून टाकलं. टिपणीस मॅडमचा चेहरा पांढरा पडला, पण त्यांनी तिला एकदाही अडवलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी माईक जवळ ओढला आणि संस्था हा निकाल मागे घेत असल्याचं सांगितलं. दर्शनाला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

कोपऱ्यातले एक सदस्य शेजाऱ्याला म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, “खेड्यात चाचण्या करायच्या म्हणजे हे व्हायचंच.”

आप्पा मागच्या रांगेत बसले होते. ते उठले. डोक्यावरचा फेटा त्यांनी मुद्दाम नवा बांधला होता.

“सायेब, आमाला सांगितलं नव्हतं असं न्हाई. माझ्या लेकीनं पन्नास डाव सांगितलं हुतं, आपापली घ्या. आमी ऐकलं न्हाई. ह्यात खेड्याचा दोष न्हाई, माझा हाय. पाटी माझ्या हातात हुती. आता आजून एक हंगाम आमच्यावर घ्या. तीच माणसं, तीच नदी. ह्या डावाला नीट करू.”

अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “पुन्हा पाटीत ओतणार नाही कशावरून?”

“सुकाणू धरणाऱ्याचा शब्द हाय, बाईसाहेब.”

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. निर्णय वर्षभर पुढे ढकलला, आणि या वेळी नमुने व मोजमाप दर्शनाच्या हाती न राहता दुसऱ्या शहरातल्या गटाकडे जातील असं ठरलं. बाहेर पडताना दर्शनाने आप्पांचा हात धरला. तीन वर्षं वाया गेली होती आणि तरी तिचा ऊर भरून आला होता. या माणसाची मी मुलगी, असं तिला रस्त्यावर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बातमी व्हायची ती झालीच. चार दिवस शेरीकवठं सगळ्यांच्या पडद्यांवर होतं. शेजारच्या तुंगवडीच्या पोरांनी पाटीतून कॅप्सूल वाटतानाचं चित्र रंगवून पुलाच्या कठड्याला टांगलं. आप्पांनी ते बघितलं, आणि आपला फेटा बरा काढलाय म्हणाले.

नवा हंगाम सुरू झाला. गूळ-शेंगदाण्यांची पाटी पूर्वीसारखी फिरत राहिली, पण कॅप्सूल घ्यायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे पाठ करून उभे राहत, आपापला डबा उघडत आणि आपापली गिळत. वाचायला हे सोपं वाटेल. ज्यांनी आयुष्यभर केळंसुद्धा मोडून खाल्लं, त्यांना ते जड गेलं. पहिल्या आठवड्यात तर एकमेकांकडे बघायला त्यांना लाज वाटे.

खरी पंचाईत पुढे झाली. सराव संपल्यावर घाटावर एकमेकांची अंगं रगडायची रीत होती. तेलाची वाटी मध्ये ठेवायची, याने त्याचे खांदे दाबायचे, त्याने याचे. आता काहीजण कण्हत पायऱ्या चढत आणि काहीजण दोन-दोन पायऱ्या गाळून वर जात. ज्यांचं दुखत नाही ते तेलाला बसायला संकोचत. ज्यांचं दुखतं ते मुद्दाम आवाज न करता दुखणं सोसत. कुणाच्या डब्यात काय आहे हे आपसूक उघडं पडत होतं आणि त्यावर बोलायचं नाही असं सगळ्यांनी न ठरवताच ठरवलं होतं. दर्शनाला याची काळजी नव्हती. मोजणारं यंत्र आणि स्नायूचे नमुने कुणाच्या अंदाजाला भीक घालत नाहीत.

तिला काळजी होती वेगळ्याच गोष्टीची. धैर्यशील घरी येई तो शीळ घालत. आई पाठ चोळायला तेल गरम करी, तर तो म्हणे, “ऱ्हाऊ दे गं, काय झालंय मला.” दर महिन्याला दर्शना गावी येई आणि नियमाप्रमाणे सगळ्यांसमोर सांगे, “ज्याला सोडायचं त्याने कुठल्याही दिवशी सोडावं. कारण सांगायची गरज नाही, कुणी विचारणारही नाही.” हे म्हणताना ती भावाकडे बघायचं टाळत असे. एका महिन्यात तिला तो पाण्यात दिसला तेव्हा त्याचं वल्हं पहिल्यासारखंच देखणं पडत होतं. पण दुसऱ्या वळणाला पूर्वी तो ज्या जोराने होडी ओढायचा, तो जोर नव्हता. मागचा अल्ताफ, ज्याला रात्री कूस बदलताना आई आठवायची, तो मात्र दगडासारखा घट्ट झाला होता.

रात्री जेवताना भाऊ समोर बसला होता. एक वाक्य बोलायचं होतं, ‘तू सोड.’ तेवढ्याने काम झालं असतं. त्याच्या डब्यात काय आहे हे तिला माहीत नव्हतं, पण अंदाज बांधायला डॉक्टरेट लागत नव्हती. ती पाणी प्यायली आणि उठली. तिने एकाला सांगितलं असतं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं, आणि मग समितीसमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या शब्दाला काही अर्थ उरला नसता. पण त्या रात्री तिला स्वतःचा फार राग आला.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात आप्पांनी जागा ठरवल्या. दरवर्षी हे काम दोन मिनिटांचं. या वर्षी ते काठावर उभे राहून बराच वेळ घसा खाकरत होते.

“धैर्या, तू मागं बस. फुडं अल्ताफ बसंल.”

सहा वर्षं त्या जागेवर धैर्यशील होता. त्याआधी आप्पा, त्याआधी आजोबा. अल्ताफ एकदम म्हणाला, “न्हाई आप्पा, मी न्हाई बसणार. ती जागा त्याची हाय.”

“जागा कुणाचीबी नस्ती. ज्याचं वल्हं चालतं, त्याची असती.” आप्पांचा आवाज कोरडा होता, पण त्यांनी मुलाकडे बघितलं नाही.

धैर्यशीलने आपलं वल्हं उचललं, अल्ताफच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला पुढे ढकललं. मग तो शेवटच्या फळीवर जाऊन बसला आणि म्हणाला, “चला की आता, पाणी चढायलंय.” दर्शना काठावर उभी होती. तिने तोंड फिरवलं.

शर्यतीच्या दिवशी आयर्विन पुलावर पाय ठेवायला जागा नव्हती. वर ड्रोन घोंगावत होते, निवेदकाचा आवाज दोन्ही काठांवर घुमत होता. शेरीकवठ्याची होडी सुटली ती नेहमीसारखी बाणासारखी. पहिल्या वळणापर्यंत ती अर्धी होडी पुढे होती आणि गावच्या बायकांनी हलगीवाल्याला थांबू दिलं नाही. पण परतीच्या पल्ल्यात प्रवाह अंगावर आला आणि होडी जणू दोन तुकड्यांची झाली. निम्मी वल्ही पाणी फाडत होती, निम्मी नुसती पाण्याशी झुंजत होती. अल्ताफ मान खाली घालून जीव खाऊन ओढत होता. शेवटच्या फळीवर धैर्यशीलचा चेहरा लालबुंद झाला होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. त्याने तसूभरही कसूर केली नाही. अंगात जेवढं होतं तेवढं तो पाण्यात टाकत होता, पण अंगात होतं तेच कमी होतं. तुंगवडीची होडी शेजारून आली, बरोबरीला आली आणि पुढे निघून गेली.

काठावर उतरल्यावर तुंगवडीचा सुकाणूवाला हसत आला. “काय वो बाजीआप्पा? औषध खाऊनबी हरलासा?”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “शब्द दिला हुता, तेवढा पाळला. तुमी होडी झ्याक मारली बरं का.” आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

वल्ही खांद्यावर टाकून सगळे गावात परतले. वेशीजवळ आले तर हलगी वाजत होती. सगळ्यांना वाटलं, कुणाची तरी वरात असेल. वरात यांचीच होती. अर्ध्याअधिक गावाला चाचणी म्हणजे काय हे धड सांगता आलं नसतं. पण प्रत्येक वल्हेकऱ्याच्या घरात हंगामभर कुणीतरी विचारलेलं होतं, की बाबा, जिंकायचं असेल तर ती गोळी फेकून का देत नाहीस? आणि प्रत्येक घरात उत्तर एकच मिळालं होतं, शब्द दिलाय. बायका ताटं घेऊन उभ्या होत्या. दर्शनाच्या आईने पहिल्यांदा अल्ताफला ओवाळलं, मग एकेकाला, आणि शेवटी आपल्या मुलाला. गुलाल एवढा उधळला की हरलेली होडी कोणती, हे वाटसरूला ओळखू आलं नसतं.

निकाल दिवाळीनंतर लागला. दुसऱ्या शहरातल्या गटाने बंद लिफाफे फोडले, नावं आणि आकडे जुळवले. पडद्यावर पुन्हा दोन रेघा आल्या. पीठ खाणाऱ्यांची रेघ वर गेली होती. शमन घेणाऱ्यांची आडवी पसरली होती, काहींची ताकद तर थोडी घटलेली. त्यांच्या स्नायूंत नव्या तंतुकणिका जवळजवळ बांधल्याच गेल्या नव्हत्या. प्रस्ताव बासनात गेला. आजारी माणसांसाठी शमनचा उपयोग होईल की नाही ते पुढे बघू, पण वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हातावर ती कुणी ठेवणार नव्हतं. अध्यक्षबाईंनी निकालपत्रात एक ओळ घातली होती, की या चाचणीत भाग घेणाऱ्यांनी जे गमावलं ते जाणूनबुजून गमावलं, याची समिती आदराने नोंद घेते. टिपणीस मॅडमनी ती ओळ दर्शनाला फोनवर दोनदा वाचून दाखवली.

दर्शना दुसऱ्याच दिवशी गावी गेली. धैर्यशील घाटावर होडीच्या तळाला डांबर लावत होता. ती बाजूला बसली.

“तुझी खरी होती,” ती म्हणाली.

“मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं हुतं.” त्याने हातातला कुंचला थांबवला नाही. “आल्त्या इवळत हुता आन्‌ मी शीळ घालत हुतो. यवढं कळायला काय लागतंय?”

“मग सोडली का नाहीस? मी दर महिन्याला सांगत होते.”

“तू सांगत हुतीस. आन्‌ माझ्याकडं बघत नव्हतीस, त्येबी दिसत हुतं.” तो हसला. “आक्का, मी सोडली असती तर समद्यांनी सोडली असती. मी पयल्या जागंवरचा. माझ्यावर वल्हं टाकायची सवय हाय त्यास्नी.”

ज्या जागेवरून त्याला उठवलं होतं, त्या जागेचं काम तो शेवटच्या फळीवर बसूनही करत राहिला होता आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिने त्याच्या डांबराने माखलेल्या मनगटाला धरलं. “तुझ्यासारखा भाऊ कुणाला नसेल रे,” ती म्हणाली, आणि मग ढसाढसा रडली.

“बास की, लोक बघत्यात.” त्याने मनगट सोडवून घेतलं आणि दंड पुढे केला. गेल्या वर्षी या दंडावर बाहीची शिवण उसवायची. “ह्ये सांग. आता गोळी बंद झाली. परत भरतील का?”

“भरतील. वर्षभर लागेल. पण पहिले महिने फार दुखेल, धैर्या. जीव नकोसा होईल.”

त्याने कुंचला डब्यात ठेवला, होडी पाण्याकडे लोटली आणि वल्हं उचललं.

“दुखू दे की,” तो म्हणाला.